उमरखेडच्या टॉकीजमधली चाबूकवाली

साठच्या दशकातली गोष्ट. माझी विधवा आत्या, शांता, नेरला आमच्याकडे राहायची. तिची लहानगी लेक मात्र दिरानं उमरखेडला ठेवून घेतली होती. एका सकाळी आत्या म्हणाली, "मंगले, चाल माह्यासंगं. पोरीले घेऊन येऊ." मी नुकती मॅट्रिक झालेली. लगेच निघाले.

आज त्या वाटेनं जाल तर गुळगुळीत डांबरी रस्ता मिळेल. तेव्हा दारव्हा, दिग्रस, पुसद असं एसटी बदलत, धूळ खात जावं लागे. पुसदच्या स्टँडवरचे आलुबोंडे गरम आणि स्वस्त. मी पोटभर खाल्ले, आत्यानं हातही लावला नाही. फाल्गुनात गेलात तर पुढच्या घाटात पळस पेटलेला दिसेल. आत्यानं मात्र त्या दिवशी खिडकीबाहेर पाहिलंच नाही.

उमरखेडला उतरलो आणि आत्या स्टँडवरच पिशवी ठेवून खाली बसली.

"मले नाही होत वं. तो हाकलून देईन."

समोर टिनाची टॉकीज होती. पोस्टरवर तोंडाला काळा रुमाल बांधलेली, चाबूक उगारलेली बाई. दुपारचा खेळ सुरू होत होता. "घडीभर सावलीत बसू," म्हणत मी तिला आत बायकांच्या बाजूला नेलं.

सिनेमा निव्वळ मारधाडीचा, गल्लाभरू. रीळ सारखं तुटायचं, घोडा त्याच त्या टेकडीला फेऱ्या मारायचा. पण चाबूकवालीनं जमीनदाराला खांबाला बांधलं आणि सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. शेजारची बंजारा बाई हातभर बलोये, त्या पांढऱ्या रुंद बांगड्या, वाजवत ओरडली, "मार त्याले!"

"अजून मार!" त्याहून मोठ्यानं आत्या ओरडली. तिचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

खेळ सुटल्यावर ती मला जवळजवळ ओढतच दिराच्या दारी घेऊन गेली.

"माह्या लेकीले न्यायले आली मी."

"कायले? इथं काय कमी हाय तिले?"

"माय."

आतून आत्याची सासू पोरीचा हात धरून बाहेर आली. "ने वं बाई. रोज तुह्या नावानं रडते." मग तिनंच आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं, चुलीपुढं बसवून गरम पिठलं-भाकर वाढली. त्या म्हातारीचे उपकार मी विसरले नाही.

असल्या सिनेमांना शहाणी माणसं टुकार म्हणतात. असतीलही. मी पुढं पुष्कळ चांगले सिनेमे पाहिले, तरी कुठं मारधाडीचा खेळ लागला की अजून तिकीट काढते. घरात ज्यांना आवाज चढवायची मुभा नसते, त्यांना तिथं ओरडता येतं.

दुसऱ्या दिवशी नेरला पोचलो. अंगणात आल्यावरही पोर आत्याचा पदर सोडेना.

"माय, उद्याबी इथंच?"

"उद्याबी," आत्या म्हणाली.