धुळाजी मुकादमाचं औक्षण

“औक्षणाच्या बायांत माझं नाव कुणी घातलं?”

“मी घातलं. का गं, काय बिघडलं? मानाचं काम हाय.”

“धुळाजी मुकादमाला मी ओवाळणार न्हाई, मावशी,” तुळजा म्हणाली.

“हळू बोल! उद्या जनावरांची चारा-छावणी सुरू व्हायची अन् आज तुझी ही नाटकं?”

नांदूरघाटच्या महिला दूध संस्थेची चेअरमन बायनाबाई तशी खमकी. पाणी घातलेलं दूध सख्ख्या जावेचं असलं तरी चारचौघांत परत पाठवणारी. तुळजा मोठी होऊन गावात परतली तेव्हा भावकी तिला दारात उभं करीना. बायनाबाईनं तिला हाताला धरून संस्थेत आणलं, दुधाची फॅट काढायला शिकवलं. ‘इतकी वर्षं कुठं होती गं?’ असं कुणी खोचून विचारलं की बायनाबाई अंगावर धावून जायची. तिनं स्वतःही कधी विचारलं नाही. न विचारणं हीच माया, असं ती धरून चालली होती.

आता तुळजाच सांगत होती, फॅटचं मशीन पुसत पुसत, दुसऱ्याच कुणा पोरीचं सांगावं तसं.

“दुष्काळ होता. आईबाप ऊसतोडीला निघाले. टोळीचा मुकादम हाच धुळाजी. म्हणला, पोरीला थंड हवेच्या गावाला हॉटेलात लावतो, खोल्या झाडंल, पोटभर खाईल. दहा वर्साची होते मी. आधी खोल्या झाडल्या. मग फिराय आलेल्या लोकांच्या खोलीत मलाच पाठवाय लागले. एकदा मुकादम आला. त्याच्या पायाला मिठी मारली, घरी न्या म्हणलं. त्यानं हसत मला परत आत ढकललं.”

बायनाबाईनं मशीनवरचा तिचा हात धरला. “अन् हे मला आज सांगतीस?”

“तुमी कधी विचारलं?”

बाहेर कोरड्या हौदापाशी गाई हंबरत होत्या. चाऱ्याचे ट्रक मुकादमाचेच. आधी सत्कार, मगच ट्रक रिकामे, असं त्यानं बजावलं होतं.

“त्याला बोलवू नका,” तुळजा म्हणाली. “दुसरं काय मागत न्हाई.”

बायनाबाईच्या डोळ्यांपुढं संस्थेतल्या बायांच्या म्हशी आल्या, बरगड्या निघालेल्या.

“असं करू, ओवाळीन मी. तू उद्या येऊच नको. डोकं दुखतंय म्हणून सांगते सगळ्यांला. चालंल न?”

तुळजानं फडकं पिळून दोरीवर टाकलं.

“बोल की गं! जनावरं मरत्याल, मी काय करू?”

दुधाच्या कॅनला वळसा घालून तुळजा उन्हात निघून गेली.