मिगेलची व्हॅन आणि माझा आगाऊपणा

"तो वरचा मिगेल म्हणे दर गुरुवारी एचआयव्हीच्या तपासणीला जातो, आणि आता तर…"

कचरा टाकायच्या जागी शेजारच्या सातो-सान एवढं बोलल्या आणि मला बघून गप्प! आता सांगा, असं अर्धवट ऐकून मला चहा तरी गोड लागेल का?

मिगेल आमच्या जपानमधल्या इचिकावाच्या बिल्डिंगमधला, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा. गुणी पोरगा, मला काकू-सान म्हणतो. या पोराला एकटं पडू द्यायचं नाही, मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं! डिंकाचे लाडू वळले आणि गुरुवारी संध्याकाळी खाली उतरले.

खाली त्याची व्हॅन, आत त्याच्याच देशाचे चार दांडगे गडी. मी माझ्या मोडक्या जपानीत, पण खणखणीत आवाजात म्हटलं, "मिगेल, घाबरू नकोस! आता चांगली औषधं आहेत!"

झालं! चौघंही धडाधड खाली उतरले.

"काकू-सान, काय केलंत हे!" मिगेलनं कपाळाला हात लावला. "माझी तपासणी केव्हाच झाली, मी ठणठणीत आहे. आता दर गुरुवारी आमच्या लोकांना नेतो, आज यांना. किती दिवस मनवतोय! तिथे नावसुद्धा विचारत नाहीत. पण तपासणीला गेला म्हणजे बाहेरख्याली, नाहीतर पुरुषच नव्हे, असं यांच्या डोक्यात बसलंय."

म्हणजे जातो हे खरं. आजार तेवढा मी चिकटवलेला!

पण मी मोडलं ते मीच जोडणार. व्हॅनच्या दाराशी उभी राहिले.

"अरे, बायकापोरांची माणसं तुम्ही! नाव नाही, गाव नाही, मग भीती कसली? सुईची?"

मिशीवाला हुलिओ म्हणाला, "काकू-सान, तुमचे मिस्टर जाऊन आले?"

"आमचे हे? छे! सरळमार्गी माणूस. त्यांना कशाला?"

"मीही सरळमार्गीच आहे," हुलिओ म्हणाला.

बरोबर पकडलं मला! पण माघार घेईन ती मी कसली? तिथूनच फोन लावला. "अहो, चपला घाला नि खाली या."

हे आले. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चारचौघांत भडकणार. पण हे "चला" म्हणाले आणि मुकाट्यानं पुढच्या सीटवर जाऊन बसले! ते बघून हुलिओ चढला, मागून बाकीचे तिघं.

मी विजयी मुद्रेनं दार लावायला गेले, तर हे आतून मुद्दाम जपानीत म्हणतात, "अगं, आणि तू?"

"मी? मला कशाला!"

निघून गेलं हो तोंडातून! सगळी व्हॅन खदाखदा हसली, आणि हुलिओनं सरकून मला जागा करून दिली.