राखीव चिठ्ठी

आमची सोसायटी मोशीत आहे. आधी आम्ही दापोडीला रेल्वेलगतच्या गल्लीत एका खोलीत संसार केला. कंपनी सुटल्यावर इथं फ्लॅट घेतला. माझं शिक्षण कमी, लिहिताना हात अडतो, पण हे लिहायचंय. बायको गेली त्या वर्षीच्या गणपतीचं आहे.

श्रावण लागला की सोसायटीत गडबड सुरू होते. मांडव कुठं घालायचा, त्यासाठी कुणी गाडी हलवायची, स्पीकर कधी बंद करायचा, कोणत्या दिवशी कोणत्या विंगची आरती. पाहुण्यांच्या पार्किंगात बांबू येऊन पडले की रोज एक भांडण ठरलेलं. मोबाइलच्या ग्रुपवर माणसं असं काही बोलतात की लिफ्टमध्ये भेटल्यावर एकमेकांच्या बुटांकडं बघत उभी राहतात. एका गोष्टीवर मात्र भांडण नसायचं. पहिल्या दिवशी पूजेला पाटावर कुठलं जोडपं बसणार, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. चिठ्ठ्या दोन काढायच्या. पहिली मानाची. दुसरी राखीव, म्हणजे पहिल्या घरात सोयरसुतक निघालं तर दुसऱ्यानं बसायचं.

बायको दरसाल आमची चिठ्ठी टाकायची. मीटिंगलाही तीच जायची. मला त्या बडबडीचा कंटाळा. त्या वर्षी आमची चिठ्ठी निघाली. ती दारातूनच बोलत आत आली, "अहो, निघाली आपली. धोतर नेसता येतं का तुम्हाला?"

"कंपनीत काय धोतर नेसून जात होतो का मी?"

"मग शिका. माझ्या शेजारी पॅन्ट घालून बसलात तर मी उठून जाईन."

तिनं नऊवारी घेतली. घडी मोडली नाही. थोड्याच दिवसांत एका सकाळी चहा टाकला आणि ओट्याला धरून खाली बसली. मी आधी उतू गेलेला चहा पाहिला, तिला नंतर.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. पोरगी तिच्या सासरी गेली. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं भाड्यानं राहायचं. तो चाकणला कंपनीत, शिफ्टवाला. ती बोलण्यावरून मराठवाड्याकडची वाटायची, घरीच असायची. मला सकाळी दोन भाकऱ्या आणून द्यायची. ताट ठेवायची, झाकायची आणि जायची. जास्त बोलायची नाही. मला ते बरं वाटायचं.

गणपती जवळ आले तेव्हा सेक्रेटरी घरी आला. पोरगा चांगला, आयटीतला, बोलायला गोड. म्हणाला, "काका, यंदा तुम्हाला त्रास नको. आपण राखीव चिठ्ठीवाल्यांना बसवू."

मी म्हणालो, "माणूस मेलं म्हणून चिठ्ठी मेली का?"

"तसं नाही काका."

"मग कसं? नाव तिचं निघालंय. सुतक फिटलंय. मी बसणार."

त्याला वाटलं असेल, म्हातारा दोन दिवसांत निवळेल. मी काही निवळलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगला गेलो. तिथं गावातले एक जुने गृहस्थ होते, ज्यांच्या जमिनीवर सोसायटी उभी आहे ते. ते तोंडावर बोलले. तेवढे एकटेच बोलले. "आमच्यात वरीसभर सण करत न्हाईत, राव. तुमी पाटावर कसं बसनार? आन् बसनार कुनासंगट?"

मी म्हणालो, "तिच्यासंगट."

मग कुणीतरी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, बसता येतं, बायको नसली तर कमरेला सुपारी लावून बसतात, शास्त्रात आहे. संपला विषय. गावातले गृहस्थ म्हणाले, "गुरुजी म्हनत्यात तर आमी कोन?" सेक्रेटरीनं मान हलवली. मला वाटलं, जिंकलो. जिना चढताना बायकोला मनात सांगितलंसुद्धा.

धोतर मला शेजारच्या पोरानंच नेसवलं. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. मी म्हणालो, "झोपायचं सोडून इथं कशाला?" म्हणाला, "काका, तुमचं धोतर मांडवात सुटलं तर सोसायटीची अब्रू जाईल." हसत हसत नेसवलं.

पाटावर बसलो. शेजारी दुसरा पाट मांडलेला, रिकामा. गुरुजींनी सुपारी दिली, मी कमरेला खोचली. समोर सगळी सोसायटी. बायका माझ्याकडं बघून डोळ्यांना पदर लावत होत्या, ते मला आवडत नव्हतं. तिसऱ्या रांगेत शेजारची पोरगी. तिच्यासोबत एक म्हातारी, अंगावर नवं लुगडं, हातात दूर्वांची जुडी रुमालात बांधलेली. शेजारी फेटा बांधलेला म्हातारा. मला वाटलं, आले असतील पाहुणे गणपतीला.

मधेच गुरुजी म्हणाले, पत्नीनं हाताला हात लावा. सवयीनं म्हणाले बिचारे. मग घसा साफ करून पुढं वाचायला लागले. मी हात तसाच पळीवर धरून बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ती नाही. स्मशानात कळलं नव्हतं. सुपारीला हात कुठला?

आरतीला उठलो तर सुपारी घरंगळली. मी वाकून शोधतोय, धोतर सांभाळतोय, टाळ वाजतायत, कुणाचं लक्ष नाही. शेजारची पोरगी पुढं आली, खुर्चीखालून सुपारी काढली, पदराला पुसली आणि माझ्या हातात ठेवली. हळूच म्हणाली, "काका, काकूंना सांभाळा." ती गमतीनं बोलली की कसं, मला आजही ठरवता येत नाही. मी हसलो खरा.

प्रसाद वाटताना त्या म्हाताऱ्या बाईच्या पुढ्यात गेलो. तिनं दोन्ही हातांनी मोदक घेतला आणि म्हणाली, "लई चांगलं झालं बगा. मालकिणीचं नाव राखलंत." दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हातारा-म्हातारी पिशव्या घेऊन एस.टी.ला गेली. मी गॅलरीतून पाहिलं. गणपतीला आलेले पाहुणे लगेच परत का चालले, एवढाही विचार मला शिवला नाही.

विसर्जन झालं, मांडव सुटला. त्यानंतर सेक्रेटरीच्या बायकोनं एकदा सहज सांगितलं. राखीव चिठ्ठी शेजारच्यांची होती. बायको गेल्यावर नियमाप्रमाणं त्यांना कळवलं होतं, यंदा तुम्ही. त्यांनी गावाकडून आईवडिलांना बोलावून घेतलं. म्हातारीनं सुनेसाठी साडी आणली होती, दूर्वा शेतातून खुडून आणल्या होत्या. पुण्याकडं भाड्याच्या घरात राहणारा आपला पोरगा चारचौघांत पाटावर बसणार, हे बघायला ती दोघं आली होती. इथं आल्यावर कळलं की मी बसणार.

मी सेक्रेटरीला जिन्यातच धरला. "मला का सांगितलं नाही?"

"तुम्ही दुःखात होता काका. कसं सांगणार?"

"तोंडानं सांगायचं. मला कान नाहीत का, तुला तोंड नाही का?"

"त्यांनीच सांगितलं, काकांना काही बोलू नका म्हणून."

दुःखातल्या माणसाला सगळे जपतात आणि खरं कुणी सांगत नाही. भाकरी देतात, धोतर नेसवतात, सुपारी उचलून देतात, पण बाबा रे, ही जागा आमची आहे, असं कुणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर मी उठलो असतो. उठलो असतो का? असं मला वाटतं. वाटण्याला काय लागतं?

सेक्रेटरीच्या बायकोनं आणखी एक सांगितलं. भाडेकऱ्यांची चिठ्ठी आधी टाकतच नसत. भाडेकरू आज आहे, उद्या नाही, त्याला कशाला मान, असं कमिटीचं म्हणणं. त्याच वर्षी मीटिंगमध्ये आमच्या बायकोनं भांडून ते बदलून घेतलं होतं. म्हणाली होती, आम्ही दापोडीला जन्म काढला भाड्यानं, आम्ही काय माणसं नव्हतो? मला घरी येऊन हे काही सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल. मी टीव्ही बघत असेन. त्या पोरीची चिठ्ठी डब्यात तिच्यामुळं पडली आणि तिचंच नाव पुढं करून मी पाटावर बसलो. ती असती तर हाताला धरून त्या दोघांना पाटावर बसवलं असतं, आणि मला म्हणाली असती, सरका तिकडं.

मला वाटलं, पुढच्या वर्षी कमिटीला सांगून त्यांना बसवू, चिठ्ठी नको न काही नको. दसऱ्यानंतर त्यांच्या घरमालकानं फ्लॅट विकायला काढला. ती दोघं कुरुळीला गेली, कंपनीच्या जवळ. तिकडं सोसायटी नाही, चाळवजा खोल्या आहेत. टेम्पो आला तेव्हा मी खाली गेलो. पोरगा दोरी आवळत होता. पोरगी डब्यांची पिशवी घेऊन पुढं बसायला निघाली होती.

मी म्हणालो, "पोरी, पाट तुमचा होता. मला ठाऊक नव्हतं."

ती म्हणाली, "काकूंचाच होता, काका. पहिली चिठ्ठी त्यांची." मग म्हणाली, "भाकरीचं मी खालच्या वहिनींना सांगितलंय. त्या देतील."

ती चिडली असती, एक शब्द टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तुझ्या सासूबाईंना सांग..."

"काय सांगू?"

"नमस्कार सांग."

टेम्पो गेला. वर आल्यावर वाटलं, आपणच जावं त्या म्हातारीकडं, तिच्या दारात बसून सांगावं. पिशवी काढली, धुतलेला सदरा काढला. मग ध्यानात आलं, त्यांचं गाव कुठलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. ती पोरगी इतके दिवस माझ्या दारात ताट घेऊन उभी राहिली, पण तू कुठली गं, हे तिला विचारलं नाही.