करंगळीभर तुंगारकडे

मार्क होता तेव्हा वसईच्या गिरीजमध्ये टीव्हीची छत्री बसवायची म्हणजे दोन माणसांचं काम असे. मार्क गच्चीवर, हातात पाना. खाली टीव्हीसमोर त्याची बायको मर्लिन. तो छत्री केसभर हलवी, ही खालून ओरडे, "आलं... गेलं... आलं, आता हात लावू नकोस." पलीकडच्या वाडीत केळीला पाणी लावणाऱ्यालाही कळे की आज कुणाकडे चित्र आलं.

तीन वर्षांमागे मार्क काविळीनं गेला. लोकांना वाटलं, मर्लिन आता घरी बसून शिवणकाम घेईल. चर्चमध्ये त्याच्या नावानं महिन्याची मिसा, म्हणजे प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्याची शिडी खांद्यावर घेतली. बॅप्टिस्ट अंकल व्हरांड्यातून म्हणाले, "अगो, तू खालून ओरडणारी. वर काय करशील?"

"वर गेल्यावर कुणीतरी खालून ओरडेल," मर्लिन म्हणाली. "आज तुम्हीच ओरडा."

अंकल ओरडले. चित्र आलं. तेव्हापासून गिरीजच्या चौसष्ट छत्र्या तिच्याच.

मार्कची एक पद्धत होती. छत्री बसली की तो खांबावर लाल रंगाची उभी रेघ मारी आणि बरोबर तिच्या वर, छत्री खांबाला आवळणाऱ्या पट्ट्यावर, दुसरी. घरच्यांना वर बोलावून दाखवी. "वाऱ्यानं छत्री फिरली तर माझी वाट बघू नका. लाल रेघेवर लाल रेघ आणा." गावानं हे धर्मशिक्षणातल्या प्रश्नोत्तरांसारखं पाठ केलं होतं. वारा सुटून गेला की घराघरातून कुणीतरी पाना घेऊन गच्चीवर जाई आणि रेघ बघून येई.

मे महिन्यात सातिवलीच्या गोदामातून काळूरामचा फोन आला. कंपनीच्या छत्र्या, डबे, वायरी सगळं त्याच्याकडून येतं, आणि कुठल्या गावाचं काम कुणी करायचं तेही तोच ठरवतो. मर्लिन गेली तर तो खोक्यावर बसून चहा पीत होता.

"मर्लिनताई, वरचा उपग्रह म्हातारा झाला. पंधरा वर्षं झाली. त्याचं तेल संपत आलंय. नवा रॉकेटमधून वर गेलाय."

"मग चांगलं आहे की. जुन्याच्या जागी नवा."

"जुन्याच्या जागी नाही ना. नवा पूर्वेला बसवलाय, थोडा लांब."

आभाळ एवढं मोठं, पण तिथंही जागेचे वांधे. वसईकराला यात नवल वाटायचं कारण नाही.

"म्हणजे सगळ्या छत्र्या फिरवायच्या," मर्लिन म्हणाली.

"रविवारी सकाळी नऊ वाजता जुना बंद. तोवर दोघंही चित्र देतील." काळूरामनं कप खाली ठेवला. "आचोळ्याची एक टोळी आहे, चार माणसं, दोन बाइक. गिरीज पण आम्हालाच द्या म्हणून मागे लागलेत. रविवारी तुमच्या गावातून तक्रारींचे फोन आले, तर मला नाही म्हणता येणार नाही."

"नाही येणार फोन."

"एकट्या आहात म्हणून म्हणतो."

"एकटी आहे म्हणून तर लवकर होतं. चहाला चौघं थांबत नाहीत."

सोमवारपासून ती लागली. बरोबर सिग्नलचं मीटर. उपग्रहाचं कुणाला समजावत बसायला वेळ नव्हता, 'छत्री बघते' एवढंच सांगून ती वर जाई. छत्रीचं तोंड पूर्वेला, तुंगारच्या डोंगराकडे थोडं वळवायचं आणि मागच्या अंशांच्या पट्टीवर आठ रेघा खाली झुकवायचं. गुरुवारी दुपारी चौसष्टावी झाली. फक्त एक काम तिनं केलं नाही. मार्कच्या लाल रेघा तिनं पुसल्या नाहीत. पॉलिश पेपर पिशवीत होता. पहिल्याच घरी तो तिनं बाहेर काढला, रेघेकडे बघितलं आणि परत ठेवला. रेघ शेवटी जराशी वाकडी होती, मार्कचा हात तिथं नेहमी वळायचा. राहू दे, म्हणाली, रेघेनं काय अडतंय.

अडलं.

गुरुवारी संध्याकाळी जोराचा वारा सुटला. दोन केळी आडव्या झाल्या, कुणाचे तरी पत्रे वाजले, बाकी काही नाही. पण वारा थांबल्यावर गाव शिकवल्याप्रमाणे गच्चीवर गेलं. बघतात तर लाल रेघेवर लाल रेघ नाही. वाऱ्यानं फिरवली, दुसरं काय. मागची पट्टीसुद्धा गंजाच्या जुन्या खुणेखाली आलीय. माणसांनी पाने घेतले आणि मोठ्या काळजीनं सगळं पूर्वीसारखं जागेवर आणलं. जुना उपग्रह अजून जिवंत होता, चित्र फर्स्टक्लास आलं. खाली उतरून सगळे जेवले.

शनिवारी सकाळी मर्लिन एस्थर मावशीकडे रिमोट द्यायला गेली. मावशी म्हणाली, "परवा आमची छत्री वाऱ्यानं फिरली गो. मीच नीट केली. मार्कनं शिकवलेलं अजून आठवतं मला."

मर्लिन तडक जिना चढली. गच्चीवरून शेजारच्या गच्च्या दिसत होत्या. नारळांच्या मधून जिथवर नजर पोचली तिथवर सगळ्या छत्र्या पुन्हा जुन्या उपग्रहाकडे तोंड करून बसल्या होत्या.

ती टाकीच्या कठड्यावर बसली. मावशी धापा टाकत वर आली. "काय झालं?"

मर्लिननं सांगितलं. मावशीनं कपाळाला हात लावला. "आणि आम्हाला वाटलं, मर्लिनला त्रास नको."

चार दिवसांचं काम, हातात एक दिवस. मर्लिननं पिशवीतून पॉलिश पेपर काढला. खांबावरच्या मार्कच्या रेघेवर ठेवला. या खेपेला परत ठेवला नाही. घासला. लाल भुकटी पायावर पडली. मग तिनं मीटर लावून छत्री फिरवली आणि खांबावरच्या घासलेल्या जागेपासून पट्ट्यावरची रेघ किती सरकली ते बोटानं मोजलं. बरोबर तिच्या करंगळीच्या जाडीएवढी. मार्क सगळीकडे एकाच जाडीचा पाइप लावायचा. म्हणजे इथं करंगळी, तर सगळीकडे करंगळीच.

"मावशी," ती म्हणाली, "सगळं गाव छत्री उलटी फिरवू शकतं, तर सुलटी पण फिरवेल. तुमचा रोझरीच्या बायकांचा ग्रुप आहे ना फोनवर?"

मावशीनं फोन तोंडासमोर धरला. मर्लिन सावकाश बोलली. "मी मर्लिन. वाऱ्यानं काही झालं नव्हतं, छत्र्या मीच फिरवल्या होत्या. आता तुम्ही फिरवा. छत्रीचं तोंड तुंगारकडे, रेघ करंगळीभर सरकेपर्यंत. मागची पट्टी आठ रेघा खाली. चित्र जाईल. घाबरू नका, ते गेलंच पाहिजे. मग हळूहळू हलवत राहा. परत येईल तिथं थांबा. आणि लाल रेघ घासून टाका. मार्कची आहे म्हणून ठेवू नका. मी ठेवली, तिथंच चुकलं."

अर्ध्या तासात गिरीजचा आवाज बदलला. गच्चीगच्चीवर माणूस, खाली टीव्हीसमोर दुसरा. "गेलं! गेलं!" असं आनंदानं ओरडणारं गाव दुसरं नसेल. बॅप्टिस्ट अंकलना जिना चढवत नाही. त्यांची सून वर गेली आणि ते खालून, जुना अनुभव असल्यासारखे, ओरडत राहिले. रविवारची मिसा ते टीव्हीवरच बघतात आणि कंपनीच्या तक्रारीचा नंबर त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला. पहिला फोन त्यांचाच गेला असता.

मर्लिन मीटर घेऊन घरोघर तपासत फिरली. कुणाची करंगळी बारीक, कुणाची जाड, तेवढा फरक काढायचा. नवी खूण करायला रंगाचा डबा एकच, तो बाराव्या घरी संपला. पुढं बायकांनी नेलपॉलिश आणलं. गुलाबी, जांभळं, एका ठिकाणी चमकीचं. ती हसली नाही, खूण सरळ आहे का एवढंच बघत गेली. सूर्य भुईगावच्या बाजूला उतरला तेव्हा त्रेसष्ट झाल्या होत्या.

चौसष्टावी तिच्या घरची. ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. शिडी चढून ती वर आली तर खांब आधीच घासलेला. खाली कौलांवर नारळाचा काथ्या, त्याला ओली वाळू चिकटलेली. छत्री वळवलेली होती, पट्टीही उतरवलेली.

खाली स्वयंपाकघरात सासू, इनेझ, तांदूळ निवडत होती. वय चौऱ्याहत्तर.

"आय, तू वर गेली होतीस?"

"मग कोण जाणार? गुरुवारी वाऱ्यानंतर उलटी पण मीच फिरवली होती. तुला ते घासायला दिवस पुरला नसता." इनेझनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "माझ्या लेकाची रेघ. मी पुसली तर चालते."

मर्लिन दारात उभी राहिली. मग म्हणाली, "चित्र आलं?"

"गेलं तेवढं दिसलं. येईना."

"तुझी करंगळी जाड आहे, आय. जास्त फिरवलीस."

"मग उभी का आहेस? जा वर. मी ओरडते."

मर्लिन चढली. केसभर मागे घेतली. खालून आवाज आला, "आलं. आता हात लावू नकोस."

रविवारी नऊला पाच मिनिटं असताना मर्लिन फोन समोर ठेवून बसली. नऊ वाजले. टीव्हीवर बातम्या चालूच राहिल्या, जुना कधी विझला ते कुणाला कळलंसुद्धा नाही. साडेनऊला काळूरामचा फोन आला.

"गिरीजमधून एक तक्रार आहे."

"कुणाची?"

"बॅप्टिस्ट म्हणून आहेत. म्हणतात, चित्र ठीक आहे, पण त्यांच्या छत्रीला गुलाबी खूण नको. पुरुषाचं घर आहे."

"सांगा, उद्या बदलते," मर्लिन म्हणाली. "आणि काळूरामभाऊ, रंगाचे दोन डबे काढून ठेवा. पिवळा. लाल नको."