काकांनी रचलेली देवी

"जुना पंथ आधी घाबरवतो, नवा पंथ आधी चहा विचारतो," असं म्हणत काका आपल्यापुढे चहाचा कप सरकवायचे आणि आपण दचकतो का ते पाहायचे.

केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी, गाझियाबादच्या नव्या सोसायटीत फ्लॅट आणि रविवारी कादंबरी लिहिणं, असं काकांचं आयुष्य. कादंबरीत सात डोंगरांपलीकडचं राज्य, दोन चंद्र, दोन पंथ. मी दिल्लीत मुनिरक्यात राहून परीक्षेचा अभ्यास करायचो, म्हणजे खरं तर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचो. मी चिडायचो, "देशात खरे बुवा कमी आहेत म्हणून तुम्ही खोटे रचताय?"

"अरे, फरक बघ. जुन्या देवाला तुझं बकरं हवं असतं. दिलं की सुटलास. नव्याला बकरं नको, तूच हवास."

"हे पत्रकात छापू?"

"छाप. पण फुकट वाटू नकोस, लोक प्रसाद समजतील."

त्यांच्या जुन्या पंथाची देवी झरवंती. दुष्काळात तिचे भक्त दारात तांब्या पालथा घालून मौन धरतात. हे प्रकरण काकांनी सोसायटीच्या मराठी मंडळात वाचलं. नवी उपनगरं तुम्हीही पाहिली असतील: जाहिरातीत कारंजं, नळाला हवा. बिल्डरने पाइपलाइन टाकलीच नव्हती. पाणी टँकरचं, तेही आलं तर. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गंमत म्हणून तांब्या पालथा घातला. दुपारी टँकर आला.

आठवड्यात जिनाभर भांडी पालथी पडली. समोरचे पंजाबी गृहस्थ विचारायला आले, "भाईसाब, कुकर चलेगा?"

"अजी, ये तो मैंने मन से बनाया है," काका म्हणाले.

"वही तो. आपको ही सूझा ना."

मी बिल्डरच्या ऑफिसवर मोर्चा ठरवला होता. कुणी आलं नाही, सगळ्यांचं मौन होतं. बिल्डर मात्र धावत आला आणि गेटजवळ झरवंतीला संगमरवरी चौथरा बांधून देऊन गेला. पाइपलाइनपेक्षा स्वस्त पडतो. मग अनुभव सांगायला माइक आला, पहिल्या रांगेचे पास निघाले. जुना पंथ महिन्याभरात नवा झाला. चहासुद्धा होता.

काका खंगले. लिहायला बसले की कुणीतरी दार वाजवून विचारायचं, "देवीने आज काय सांगितलं?" श्रोते मिळावेत म्हणून जन्मभर झुरलेला माणूस. आता त्याला एकच श्रोता हवा होता, "काहीतरीच काय" म्हणणारा.

"मारून टाका तिला," मी म्हणालो.

"पोटची आहे रे."

पण लिहिलं त्यांनी. चौथऱ्याशेजारी उभं राहून देवीचा मृत्यू वाचला. शेवटी कागद मिटून म्हणाले, "संपली. आता पाण्यासाठी बिल्डरकडे जा."

वहिनींनी डोळे टिपले. "भाऊजी, मग पुण्यतिथी कोणत्या तिथीला धरायची?"

काकांनी नागपूरला बदली मागून घेतली. जायच्या दिवशी मी सामान उतरवायला गेलो.

"आता तिकडे काय लिहिणार?"

"सरकारी टिपणं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. बरं असतं."

जिन्यात माणसं रांगेने उभी होती, पाया पडायला. काका बॅग छातीशी धरून, भिंतीला पाठ घासत, एकेक पाय आखडून घेत खाली उतरले. पाठ चुन्याने पांढरी झाली. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही, ते बरंच झालं. वहिनी भिंतीवरचा तोच चुना बोटावर घेऊन कपाळाला लावत होत्या.