पिवळ्या पेटीवरच्या चिठ्ठ्या

दर्यापूरचे आमचे शेजारी वकीलसाहेब दिसेल त्याला हात जोडत. वाटेत बैलबंडी आडवी आली तर बैलांनाही जोडत आणि वर म्हणत, "चाला बाप्पा, तुमचंच राज्य आहे." मला ते सोंगच वाटायचं.

नागपूरच्या कौन्सिलसाठी ते उभे राहिले, तेव्हा पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी ठेवलेली असे आणि मताची चिठ्ठी तिच्या फटीतून आत टाकायची असे. "आपली पेटी पिवळी," एवढंच ते गावोगाव हात जोडून सांगत फिरले. मतदान संपल्यावर अधिकाऱ्यानं पडदा सारला, तर पिवळ्या पेटीच्या डोक्यावर चिठ्ठ्यांचा ढीग आणि त्यावर झेंडूची फुलं! लोकांनी देवाला वाहावीत तशी मतं वाहिली होती. पेटीबाहेरची मतं बाद झाली आणि वकीलसाहेब पडले.

"अडाणी लेकाचे!" मी चिडून म्हणालो.

ते डोकं खाजवत राहिले. "हात जोडाले त्यायले मीच शिकवलं ना."

पुढच्या बाजाराला ते भाजीवाल्या बायांच्या रांगेत तेलाचा रिकामा डबा घेऊन बसले. डब्याला वरून फट पाडली होती.

"मावशी, हात जोडू नको. चिठ्ठी आत टाक."

"कोनाच्या पेटीत टाकू, साहेब?"

"कोनाच्याई टाक. पन आत टाक."