तू रागावशील म्हणून…

दादा गेला तेव्हा मी खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा पीत होते. डॉक्टरांनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, म्हणजे मनाची तयारी होती असं म्हणायला हरकत नाही. पण मल्याळी नर्स दारात येऊन "दीदी, ऊपर आ जाइए" एवढंच म्हणाली आणि मला आधी त्या चहाचाच राग आला. हा एक कप घ्यायला खाली आले नसते तर… अशा वेळी राग कुणावर तरी काढायला लागतोच. आता महिना उलटून गेला, तरी राग आहेच. फक्त तो चहावर नाही, दादावर आहे.

मनोहर माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी राजधानीत, केंद्र सरकारात, सगळं आयुष्य लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर ऑफिसातल्या मंडळींच्या सोसायटीत मिळालेल्या गुडगावच्या फ्लॅटवर राहायला गेला, तेव्हा भोवती मोहरीची शेतं होती आणि मधूनच काचेच्या इमारती उठत होत्या. पाणी टँकरचं, वीज लहरीवर. "कुमे, इथे परदेशी कंपन्या आल्या, भाजीवाला अजून यायचाय," असं फोनवर सांगायचा. शहरात मुनिरक्याला खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपल्याकडची मुलं दर रविवारी बस बदलत त्याच्याकडे जेवायला येत. स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा, आमटीची फोडणी मात्र दादाची. आणि एक नियम होता, पारोशाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. देवापुढे त्याने कधी हात जोडले नाहीत, पण आईची ही शिस्त त्याच्या अंगात इतकी मुरलेली की टँकरच्या पाण्यातही पोरांच्या आंघोळी व्हायच्या. परभणीची शबनम त्याला चिडवायची, "काका, तुम्ही नास्तिक आहात की भटजी?" "भुकेला आहे. जा, आंघोळ करून ये," हे त्याचं उत्तर.

मणक्यात नस दबून पाय बधिर पडायला लागले, म्हणून ऑपरेशन ठरलं. मी पुण्याहून आले. नवं, चकचकीत हॉस्पिटल, मणक्यात स्क्रू बसवले, आणि खरंच छान झालं सगळं. दादा धरून धरून बाल्कनीपर्यंत चालू लागला. साखरेचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "बहनजी, जब तक टाँके हैं, पीठ पर एक बूँद पानी नहीं।" मी रोज ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसायचे, पट्टी वगळून. असा रविवार आला. मुलं यायची होती, मी त्याच्यासाठी गरम बंड्या आणायला करोल बागेत गेले. परतले तर घरभर फोडणीचा वास आणि दादा ओट्याला धरून उभा, केस ओले. "डोकं तेवढं पुसलं गं," म्हणाला. मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे तो स्टुलावर बसून चांगला अंगावर पाणी ओतून न्हाला होता. पारोशाने फोडणी कशी द्यायची! पट्टी भिजली, तिच्यावरच कोरडा बनियन चढवला आणि गप्प राहिला. त्या दिवसापासून मला अंग पुसू देईना. लाज वाटते म्हणाला. थोरला भाऊ, वाटत असेल लाज, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी शबनम म्हणाली, "काका, शर्टाला मागे काहीतरी लागलंय."

"आमटी सांडली असेल."

"पाठीवर?"

सगळे हसले, तोही हसला. मी शर्ट वर केला. पट्टी पिवळी पडली होती, भोवती सगळं लाल आणि सुजलेलं, वास येत होता. अंग तापाने फणफणलेलं. ताप दिसू नये म्हणून तो गोळ्या चोरून खात होता, हे उशीखालच्या रिकाम्या पाकिटांवरून कळलं.

मग तेच हॉस्पिटल. जखम उघडून धुतली, परत धुतली. पू स्क्रूपर्यंत पोचला होता. मधे थोडे दिवस बरे गेले, आम्हाला आशा वाटायला लागली, आणि मग विष रक्तात भिनलं. मी डॉक्टरांना विचारलं, पाण्यानेच झालं का? भला माणूस, खोटं बोलला नाही. "पानी से ही हुआ, यह मैं नहीं कह सकता। शुगर भी थी। लेकिन जल्दी आ जाते तो…" एका दुपारी दादा शुद्धीवर होता. मी एवढंच म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू रागावशील म्हणून…" मंत्रालयातल्या भल्याभल्या साहेबांपुढे न वाकलेला माणूस धाकट्या बहिणीच्या बोलण्याला भ्याला. मी रागावले असते, घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मग त्याला गाडीत घालून नेलं असतं, आणि तो आज असता. यापलीकडे मला काही सुचत नाही.

दिवस झाले, मी फ्लॅट आवरला. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी एक माणूस मोठं खोकं घेऊन आला. त्या मधल्या बऱ्या दिवसांत दादाला उभं करायचं म्हणून त्याच्या अंगाचं प्लास्टरचं माप घेतलं होतं, त्यावरून बनवलेला, खांद्यापासून कंबरेपर्यंतचा कडक प्लास्टिकचा पट्टा तयार झाला होता. "साहब को पहनाकर दिखा दूँ?" त्याने विचारलं. "रख दीजिए," मी म्हटलं. तो पट्टा मी इकडे आणलाय, माझ्या खोलीत आहे, कुणी काही म्हणो. पुढून दादाचं सुटलेलं पोट, डावा खांदा जरा उतरता, आणि मागे जखम बघता यावी म्हणून कापून ठेवलेली खिडकी. त्या दिवशी मी तो जेवणाच्या खुर्चीवर ठेवला, तर ताठ बसला. मी समोर बसले आणि सुरू झाले. "गाढवा, एक शब्द बोलायचा होतास! चार शिव्या खाल्ल्या असत्यास, मेला असतास का त्याने?" किती वेळ ओरडत होते कोण जाणे. शेवटी शेजारच्या बाईंनी घाबरून बेल वाजवली. "सब ठीक है न, बहनजी? कौन है अंदर?"

"हाँ जी," मी म्हटलं. "भाई को डाँट रही हूँ।"